पहिल्या दिवसाच्या नॉर्मल रिपोर्टवर विसंबू नका

ताई, आठव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बाळाच्या डाव्या किडनीला सूज निघाली, ११ एमएम, आता डिलिव्हरी तालुक्याला करू का नागपूरला, हे तुमचं वाचलं अन् आमचाच चार वर्षांपूर्वीचा कागद समोर आला. आमचं १२ होतं, तेही डावीकडंच. आम्ही पांढरकवड्याकडचे, नागपूर दीडशे किलोमीटर.

मी डॉक्टर नाही, एका लेकराचा बाप आहे, तुमचे डॉक्टर सांगतील ते आधी. पण सूज एकाच बाजूला असेल अन् गर्भजल बरोबर असेल तर डिलिव्हरीसाठी नागपूर गाठायची गरज सहसा पडत नाही. दोन्ही किडन्या सुजलेल्या, पाणी कमी किंवा लघवीची पिशवी फुगलेली असेल तर मात्र मोठ्या दवाखान्यातच जा, तालुक्याला दिवस घालवू नका.

आमचं चुकलं ते डिलिव्हरीनंतर. बाळाला वीस तासही झाले नव्हते तर तिथंच सोनोग्राफी करून घेतली, रिपोर्ट नॉर्मल, म्हणे सूज उतरली. घरी पेढे वाटले, जुनी फाइल कपाटात टाकली. पहिले दोन दिवस बाळाच्या पोटात दूध कमी जाते, लघवी कमी बनते, म्हणून अडथळा असलेली किडनीही त्या वेळी बिनसुजेची दिसू शकते, हे आम्हाला कोणी म्हणजे कोणीच सांगितलं नाही. सोनोग्राफी ४८ तासांनंतर करा, पहिल्या आठवड्यात, आणि ती चांगली आली तरी चार-सहा आठवड्यांनी परत करा म्हणजे कराच. त्या दवाखान्याचा राग माझा अजून गेला नाही, कारण डिस्चार्ज कार्डावर, पोटात असताना दिसलेल्या किडनीच्या सुजेची एक ओळ नव्हती. आमच्या कागदात होतं, त्यांनी पाहिलं होतं, तरी लिहिलं नाही. तुम्ही सुट्टी घेताना ते लिहून मागा, नाही लिहिलं तर हलू नका.

बाळाला पाचव्या महिन्यात ताप सुरू झाला. आई म्हणे दात येऊन राहिले त्याले. कापूस वेचणीचे दिवस, गावातून तीनदा तापाचं औषध आणलं, उतरायचा अन् परत चढायचा, लघवी कोणी तपासलीच नाही. शेवटी यवतमाळच्या एका बालरोगतज्ज्ञांनी पहिलाच प्रश्न विचारला, पोटात असताना सोनोग्राफीत काही सांगितलं होतं का? बायको तिथंच रडायला लागली. लघवीत इन्फेक्शन, सूज २६ एमएम. नागपूरला डीटीपीए स्कॅन झाला, कोणती किडनी किती काम करते ते त्यात कळतं, तेव्हा डाव्या किडनीचं काम २९ टक्के, जे दोन्ही मिळून शंभर धरले तर पन्नासच्या आसपास पाहिजे. किडनी जिथं लघवीच्या नळीला जोडते तिथं अडथळा होता, पीयूजे म्हणतात. पायलोप्लास्टी केली, म्हणजे तो अडथळा काढायचं ऑपरेशन, पोरगा आता चार वर्षांचा आहे, धावतो खेळतो, पण मागच्या स्कॅनमध्ये ३१ टक्केच. गेलेलं काम फारसं परत येत नाही, राहिलेलं वाचवता येतं.

हे वाचून घाबरू नका. पोटात दिसलेली सूज बऱ्याच बाळांची आपोआप जाते, ऑपरेशन थोड्यांनाच लागते. किडनीचं काम ४० टक्क्यांखाली आलं, किंवा सूज वाढत चालली, किंवा इन्फेक्शन होऊन राहिलं, तेव्हाच डॉक्टर साधारणपणे तिकडं वळतात. स्कॅनही लगेच नसतो, सहा आठवड्यांच्या पुढं करतात, नवीन बाळाची किडनी तोवर कच्ची असते. माझं ठाम मत एवढंच, अशा बाळाला ताप आला की कारण काहीही वाटो, पहिले लघवी तपासा.

बाळाचा जन्मदाखला पहिल्याच महिन्यात काढून ठेवा, अन् त्यावरून रेशनकार्डावर नाव लावून घ्या. आम्ही महात्मा फुले योजनेच्या कागदांसाठी गेलो तर बाळाचं नाव रेशनकार्डावर नाही म्हणून एका कार्यालयानं तीन चकरा मारायला लावल्या, ताप असलेलं लेकरू घरी ठेवून. अजून एक, ऑपरेशन झालंच तर आत बहुतेक वेळा डीजे स्टेंट, म्हणजे लघवी उतरायला बारीक नळी, ठेवतात, ती काही आठवड्यांनी काढावीच लागते, राहिली तर तिच्यावर खडे जमतात. आम्ही तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेननं लिहिली होती.

आठव्या महिन्याचा कागद मात्र आत्ताच फोटो काढून मोबाईलात ठेवा अन् झेरॉक्स दवाखान्याच्या पिशवीत टाका. डिलिव्हरी झाली की कितव्या दिवशी सोनोग्राफी ठरली ते कळवा, मी वाट पाहतो.