बापाचा आजार पोराला होईल का?

मागच्या पावसाळ्यात कराडच्या बाजूच्या एक ताई आल्या होत्या, ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत. खुर्चीत नीट बसायच्या आधीच म्हणाल्या, "मॅडम, ह्यांना स्किझोफ्रेनिया आहे, बारा वर्षं गोळ्या चालू आहेत, आता पोरगं दहावीला गेलंय, त्याला पण होणार का हो?" हा प्रश्न मला महिन्यातनं दोन-तीनदा येतोच, कधी आईकडनं, कधी लग्न ठरताना मुलीच्या भावाकडनं, आणि विचारणाऱ्याचा आवाज दर वेळी दबलेलाच असतो.

आधी आकडा सांगते. आई किंवा वडिलांपैकी एकाला स्किझोफ्रेनिया, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणं, उगाच संशय वाटणं असा मानसिक आजार असेल, तर मुलाला व्हायची शक्यता साधारण १० टक्के, बाकी लोकांत १ टक्क्याच्या आसपास. धोका जास्त आहे हे खरंच, पण दहातल्या नऊ मुलांना तो होत नाही हे पण तितकंच खरं. अगदी एकसारखी दिसणारी जुळी भावंडं घेतली तरी एकाला झाला म्हणजे दुसऱ्याला होतोच असं नाही. "रक्तातच आहे" म्हणून हात टेकायचं काही कारण नाही.

ताईंनी ऐकून घेतलं आणि मग हळूहळू सगळं बाहेर आलं. नवऱ्याच्या गोळ्या तांदळाच्या डब्यात, खाली पुरून. पोराला सांगितलेलं की पप्पांना बीपी आहे. रात्री दोनदा उठून तो झोपलाय का बघायच्या, तो आंघोळीला गेला की दाराला कान लावून उभ्या राहायच्या, एकटाच बोलतोय का म्हणून. त्यांच्या मते पोराला वाचवायचं म्हणजे हेच.

त्यांना कसा दोष देणार? मी शिकत होते तेव्हा आम्हालाही एवढंच शिकवलेलं, पेशंट लवकर ओळखा, डॉक्टरकडे पाठवा, गोळ्या चुकू देऊ नका. १९८२ ला आपला राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला, त्याचाही खरा जोर उपचार लोकांपर्यंत पोचवण्यावर होता. पेशंटच्या घरात वाढणाऱ्या पोरांकडे बघायला कुणाला वेळच नव्हता, आणि मला त्याचं आजही फार वाईट वाटतं. आता सुरुवातच तिथून करायची असं आम्ही मानतो. बोस्टनला डॉ. विल्यम बिअर्डस्ली यांनी डिप्रेशन असलेल्या आईबापांना मुलांशी आजाराबद्दल मोकळं बोलायला शिकवलं, पुढे फिनलंडने ही पद्धत देशभर नेली. २०१२ ला अशा पद्धतींचे १३ अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा पालकाचाच आजार मुलाला व्हायचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी कमी दिसला. स्किझोफ्रेनियाला हा आकडा सरसकट लावता येत नाही, हे मी ताईंना स्पष्ट सांगितलं. पण लपवण्याने पोराचं भलं होत नाही एवढं नक्की.

पुढच्या वेळी पोरगं आलं. आईला बाहेर बसवलं, पाच मिनिटं तो गप्प, मग म्हणाला, "मॅडम, सातवीत असतानाच मी स्ट्रिपवरचं नाव मोबाईलवर शोधलं होतं." म्हणजे तीन वर्षं तो एकटाच हे घेऊन फिरत होता, अठराव्या वर्षी आपल्यालाही होणार असं धरून. आणि लहानपणी आपण फार दंगा करायचो म्हणून पप्पा बिघडले, असंही त्याला वाटत होतं! हे ऐकलं की पोटात तुटतं.

मग तिघांना एकत्र बसवलं. पप्पांनी स्वतः सांगितलं, अडखळत का होईना, की मला आवाज ऐकू यायचे, त्यात तुझी काही चूक नाही. पोराला मी दोन गोष्टी बजावल्या, झोप मोडायची नाही आणि गांजाला कॉलेजात गेल्यावरही हात लावायचा नाही, कारण घरात हा आजार असेल तर गांजाने धोका आणखी वाढतो. आणि कधी झोप उडाली, मित्र नकोसे वाटले, लोक आपल्याबद्दलच बोलतात असं वाटायला लागलं, तर त्याच आठवड्यात सांगायचं. मला नाही तर १४४१६ ला फोन कर, टेली मानसची सरकारी हेल्पलाईन आहे, मराठीतही बोलतात.

दिवाळीनंतर ताईंचा फोन आला. गोळ्या आता टीव्हीशेजारच्या फळीवर असतात, सात कप्प्यांचा डबा दर रविवारी पोरगंच भरतं. ताई रात्री अजून उठतात, पण एकदाच.