१६:८ उपवासाने (रोज १६ तास उपाशी राहून उरलेल्या ८ तासांतच खाणं) हृदयविकाराचा धोका ९१ टक्क्यांनी वाढतो, हे खरं आहे का?

तसं सिद्ध झालेलं नाही. हा आकडा मार्च २०२४ मध्ये शिकागोत, अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या परिषदेत मांडला गेला. सुमारे २०,००० अमेरिकनांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा आठ तासांच्या आत खाणं उरकणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू जास्त दिसले.

पण कोण कसं खातं हे ठरवलं कशावरून? फक्त दोन दिवसांच्या खाण्याच्या आठवणीवरून! तेवढ्यावरून पुढच्या कित्येक वर्षांचा हिशेब. आजारपणामुळे, दोन-दोन पाळ्यांच्या कामामुळे ज्यांचं जेवण चुकतं, तेही त्याच गटात जाऊ शकतात. त्यामुळे दोष उपवासाचाच, असं म्हणता येत नाही.

या उपवासाने फायदा होतो, ही उलट बाजूही फार भक्कम नाही. चीनमधल्या १३९ लठ्ठ लोकांवरच्या वर्षभराच्या चाचणीत (२०२२) कॅलरी कमी करणाऱ्यांना वेळेचं बंधन घालून वजनात वेगळा फायदा झाला नाही. रक्तदाबातही नाही.

मला खरी काळजी वाटते ती मधुमेहींची. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना सकाळचं खाणं बंद केलं, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. डोस बदलायचा का, हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय कृपा करून हा उपवास सुरू करू नका.