दोनदा दात घासूनही तोंडाला वास येतो, तो पोटातूनच येतो का?

तुमचे यजमान सकाळ-संध्याकाळ दात घासतात, तरीही त्यांच्या तोंडाला वास येतो, घरातील वडीलधारी मंडळी पोट बिघडल्याचे सांगतात आणि म्हणून पोटासाठी कोणते औषध द्यावे, असे तुम्ही विचारले आहे. पोटासाठी काहीही देऊ नका, आधी त्यांना दंतवैद्याकडे न्या. एवढ्या ठामपणे लिहिण्याचे कारण असे की, याच एका समजुतीपायी माझ्या वडिलांची तीन वर्षे वाया गेली.

वडील निवृत्त झाल्यानंतर त्यांच्या तोंडाला वास येऊ लागला. त्यांना स्वतःला तो जाणवत नव्हता, कारण सतत नाकाशी असलेल्या वासाची नाकाला सवय होऊन जाते. आम्हा सर्वांना तो जाणवत होता आणि कोणीही बोलत नव्हते. माझ्या काकांनी मात्र निदान करून टाकले की वास पोटातून येतो, आणि आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनीही तोंड उघडून न पाहता आम्लपित्ताच्या गोळ्या लिहून दिल्या. त्यानंतर गोळ्या बदलल्या, रेचके झाली, जेवणातून एकेक पदार्थ कमी झाला, वडिलांचे वजन उतरले; वास तसाच राहिला. मी दातांचा विषय काढला की काका म्हणत, ‘दात तर एकही किडलेला नाही.’ शेवटी माझी चार वर्षांची मुलगी एके दिवशी त्यांच्या मांडीवरून उतरली आणि ‘आजोबा, तुमच्या तोंडाला घाण वास येतो,’ असे म्हणाली. त्या दिवसापासून वडील बोलताना तोंडापुढे हात धरू लागले आणि काही महिन्यांत त्यांनी चारचौघांत बोलणेच सोडले. मी आधीच सांगितले असते तर त्यांना ते नातीच्या तोंडून ऐकावे लागले नसते, ही खंत मला आजही आहे.

अखेर मी काकांना न विचारता त्यांना दंतवैद्याकडे नेले. दात खरोखरच किडलेले नव्हते. दुखणे हिरड्यांत होते. निरोगी हिरडी आणि दात यांच्यामधील फट साधारण 3 मिलिमीटरपर्यंत खोल असते. वडिलांच्या मागच्या दाढांपाशी ती 6 ते 7 मिलिमीटर भरली. त्या खोबणीत ब्रश पोहोचत नाही आणि हवाही फारशी पोहोचत नाही. अशा जागी, तसेच जिभेच्या मागील खडबडीत भागावर, ऑक्सिजनविना वाढणारे जिवाणू अन्नकणांतील आणि मृत पेशींतील प्रथिने कुजवतात, त्यातून हायड्रोजन सल्फाइड आणि मिथाइल मरकॅप्टन हे गंधकयुक्त वायू निघतात, आणि आपण ज्याला तोंडाचा वास म्हणतो तो मुख्यतः या वायूंचा असतो. अन्ननलिका ढेकर येण्याचा क्षण सोडला तर एरवी मिटलेली असते, त्यामुळे जठरातील वास श्वासात सतत मिसळत राहत नाही. दीर्घकाळ टिकणाऱ्या दुर्गंधीच्या दहापैकी आठ-नऊ प्रकरणांत मूळ तोंडातच सापडते.

दोन बैठकांत हिरड्यांखालचा कडक थर खरवडून काढला, दातांच्या फटींसाठी बारीक ब्रश दिला आणि जीभ रोज मागून पुढे टंग क्लीनरने हलक्या हाताने साफ करायला सांगितली. क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाच्या गुळण्या केवळ दोन आठवडे दिल्या, कारण त्या लांबवल्या तर दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बिघडते. रक्तदाबाच्या औषधाने वडिलांचे तोंड कोरडे पडत होते, हेही तिथेच उघड झाले. लाळ कमी झाली की जिवाणूंचे फावते. झोपेतून उठल्यावर प्रत्येकाच्या तोंडाला वास येतो, तो त्याचमुळे. दीड-दोन महिन्यांत वास गेला. काका आजही म्हणतात की गोळ्यांचा गुण उशिरा आला, पण त्या गोळ्या मी दातांची साफसफाई सुरू होण्याच्या तीन महिने आधीच बंद केल्या होत्या.

सुगंधी गोळ्या आणि माउथवॉश यांवर विसंबू नका; ते थोडा वेळ वास झाकतात, पण वासाचे मूळ कारण तसेच राहते. कवळी असेल तर ती रात्री काढून स्वच्छ करावी लागते. लसणाचा वास मात्र रक्तातून फुप्फुसांत येतो, म्हणून तो दात घासून जात नाही, काही तासांनी आपोआप ओसरतो.

काकांचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. जळजळ आणि आंबट ढेकरा सतत येत असतील तर त्यांचा वासात थोडा वाटा असू शकतो. टॉन्सिलमध्ये अडकलेले पांढरे खडे आणि सायनसचा जुनाट संसर्ग ही कारणे कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे कळतात. श्वासाला पिकलेल्या फळासारखा गोडसर वास येत असेल आणि सोबत खूप तहान, उलट्या किंवा ग्लानी असेल तर ते मधुमेहातील गंभीर बिघाडाचे लक्षण असू शकते. अशा वेळी दंतवैद्याची वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठावे.

यजमानांना कसे सांगावे, हेही तुम्ही विचारले आहे. एकांतात, सरळ शब्दांत आणि याच आठवड्यात सांगा. मुलांसमोर किंवा सासरच्या मंडळींसमोर विषय काढू नका. आणि तपासणीच्या दिवशी त्यांना माउथवॉश वापरू देऊ नका, कारण मूळ वास झाकला गेला तर दंतवैद्याला त्याचा अंदाज येणार नाही.