वाचकांचे प्रश्न : जांघेतली न संपणारी कळ

प्रश्न : माझे वय ५२ असून देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. गेल्या वर्षी उजव्या बाजूच्या हर्नियावर जाळी बसवून शस्त्रक्रिया झाली. जखम वेळेत भरली. परंतु चड्डीचे इलॅस्टिक नुसते घासले तरी आग होते, घाटीच्या पायऱ्या चढताना वीज चमकल्यासारखी कळ वृषणापर्यंत जाते आणि व्रणाखालची कातडी मात्र बधिर आहे. सोनोग्राफीत काही निघाले नाही, म्हणून हे मनाचे आहे असे मला सांगण्यात आले. जाळी काढून टाकावी काय?

उत्तर : आग, वीज चमकल्यासारखी कळ आणि शेजारीच बधिरपणा, ही तिन्ही लक्षणे एकत्र असतील तर प्रथम संशय नसेवर घ्यावा, मनावर नव्हे. सोनोग्राफीत हर्निया पुन्हा उतरला आहे का किंवा पाणी साचले आहे का, हे कळते. जांघेतल्या बारीक नसांना झालेली इजा त्यात बहुधा दिसत नाही. या भागातून इलिओइंग्विनल, इलिओहायपोगॅस्ट्रिक आणि जेनिटोफेमोरल नसेची एक शाखा अशा तीन नसा जातात, आणि त्यांपैकी एखादी टाक्यात अडकली, ताणली गेली किंवा पुढे व्रणात व जाळीत गुरफटली, तर असेच दुखते. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार, हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर दखल घ्यावी असे दीर्घकाळचे दुखणे १० ते १२ टक्के रुग्णांना होते, म्हणजे आपण एकटे नाही.

जाळीचा विचार सर्वांत शेवटी करावा. आधी सर्जनकडून उभ्याने व खोकायला लावून तपासणी करून घ्यावी, कारण परत आलेला हर्निया, जाळीचा जंतुसंसर्ग, खुब्याचा सांधा, कंबरेचा मणका आणि मूतखडा यांचे दुखणेही जांघेतच उतरते. कापसाचा बोळा व टाचणी फिरवून, कुठे बोचते आणि कुठे कळत नाही याची हद्द पेनने कातडीवर आखली, तर कोणती नस दुखावली आहे याचा बराच अंदाज येतो. या साध्या तपासणीला वेळ लागतो, एवढ्यासाठीच ती टाळली जाते, हे खेदाने म्हणावे लागते.

डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांचा नसेच्या दुखण्यावर फारसा उपयोग होत नाही आणि त्या महिनोन्‌महिने घेतल्यास मूत्रपिंड व जठर यांना अपाय होऊ शकतो. त्याऐवजी गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, अ‍ॅमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन यांपैकी एखादे औषध डॉक्टर लहान मात्रेत सुरू करून हळूहळू वाढवतात. गुण आला की नाही हे ठरवायला काही आठवडे लागतात आणि ते औषध एकदम बंद करायचे नसते. यांतील बऱ्याच औषधांनी सुस्ती व भोवळ येते, म्हणून त्या काळात आंब्याच्या झाडावर चढू नये. फळे खाली उभे राहून झेल्याने उतरवावीत. लघवीला अडथळा किंवा काचबिंदू असल्यास अ‍ॅमिट्रिप्टिलिन सुरू करण्याआधी तसे अवश्य सांगावे.

गोळ्यांनी भागले नाही, तर सोनोग्राफीच्या साहाय्याने नसेभोवती भुलीचे इंजेक्शन देतात. त्याने दुखणे काही तास जरी पूर्ण थांबले, तरी दोषी नस हीच, असा भक्कम पुरावा मिळतो, आणि काहींना त्यानंतर आराम बराच टिकतो. हे इंजेक्शन न देताच कोणी थेट पुन्हा शस्त्रक्रिया सुचवली, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे, असे मी स्पष्टपणे सांगेन. नसा कापण्याच्या शस्त्रक्रियेने अनेकांना आराम पडतो, सर्वांना नाही. बधिरपणा मात्र कायमचा राहतो. जाळी काढताना वृषणाच्या रक्तवाहिन्यांना धोका असतो आणि हर्निया परत येऊ शकतो, म्हणून हे काम नेहमी करणाऱ्या सर्जनकडेच जावे.

आपल्याला गोव्यातील बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय किंवा कोल्हापूर सोयीचे पडेल. तेथे पेन क्लिनिक (जुनाट दुखण्यावर उपचार करणारा विभाग) कोणत्या वारी असते, हे फोन करून विचारून घ्यावे. डिस्चार्ज कार्डावर पुरेसा तपशील नसतो, तेव्हा जिथे शस्त्रक्रिया झाली तेथून ऑपरेशन नोटची प्रत मागून सोबत न्यावी. जाळी कोणती, ती टाक्यांनी बसवली की टॅकरने (बारीक पिना ठोकणाऱ्या उपकरणाने), नसा राखल्या की कापल्या, हे त्यात सापडते. तोवर सैल सुती कपडे वापरावेत, घामाने किंवा पावसाने भिजलेले अंगावर ठेवू नयेत आणि सपाटीवर रोज चालावे. व्रणावर जोरात तेल चोळू नये. बधिर कातडीवर गरम पाण्याची पिशवीही ठेवू नये, भाजलेले कळत नाही. ताप, व्रणावर लाली, किंवा आत न जाणारा फुगवटा व सोबत उलट्या असतील, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

प्रश्न : सिझेरियनच्या आडव्या टाक्याच्या उजव्या टोकाला अजून कळ येते. हा तोच प्रकार असेल काय? (एक वाचक भगिनी, श्रीवर्धन)

उत्तर : असू शकतो, कारण आडव्या छेदाच्या टोकांजवळून वरील तिन्हींपैकी पहिल्या दोन नसा जातात आणि तपासणी व उपचारही बहुतांशी तसेच आहेत. मात्र पाळीच्या दिवसांत दुखणे वाढत असेल किंवा तिथे गाठ हाताला लागत असेल, तर व्रणात गर्भाशयाच्या अस्तराच्या पेशी रुजल्याची शक्यता असते. त्यासाठी आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे. बाळ अंगावर पीत असल्यास ते सांगितल्याशिवाय नसेच्या दुखण्याचे कोणतेही औषध सुरू करू नये.