गढूळ पाण्यात क्लोरीनचे थेंब टाकले की काम भागतं का?

तुमचा प्रश्न असा: नदीचं पाणी गढूळ येतंय, रोज उकळण्याइतकं जळण नाही, मग त्यात क्लोरीनचे थेंब टाकून प्यायलं तर चालेल का?

तसंच गढूळ असताना टाकलेत तर नाही. पाण्यातला गाळ आणि कुजलेला पालापाचोळा क्लोरीन खाऊन टाकतो आणि जंतू कणांच्या आड जगतात. आधी पाणी निवळा, मग थेंब.

२० लिटर पाणी चारपदरी सुती कापडातून गाळून घ्या. कापड जुनं असेल तर उत्तम, धुऊन धुऊन त्याची वीण दाट झालेली असते. अर्धा ते एक ग्रॅम तुरटीची पूड कपभर पाण्यात विरघळवून त्यात ओता. मिनिटभर जोरात ढवळा, नंतर पाच मिनिटं अगदी सावकाश. घाई नडते ती इथेच. सावकाश ढवळताना कण एकमेकांना चिकटून कापसासारखे पुंजके धरतात, जोर लावलात की ते फुटतात. पुंजके दिसले की भांड्याला दोन तास हात लावू नका. मग वरचं पाणी अलगद काढा, तळाचं चार बोटं ओतून द्या. तुरटी वाढवत बसू नका, त्यानं पाणी आंबट होतं आणि पुंजकेच धरत नाहीत. शिवाय तुरटीवर थांबूही नका, पाणी नितळ दिसलं तरी जंतू त्यात असतातच.

निवळलेलं पाणी दोन लिटरच्या पारदर्शक बाटलीत भरून ती वर्तमानपत्राच्या मथळ्यावर उभी करा आणि वरून तोंडातून बघा. मथळा वाचता आला तर पुढे जा, नाहीतर पुन्हा निवळा.

आता क्लोरीनचे थेंब, म्हणजे ५ ते ६ टक्क्यांचं साधं पातळ ब्लीच (सोडियम हायपोक्लोराइट), सुगंध किंवा साबण नसलेलं, लिटरला २ थेंब. २० लिटरला साधारण २ मिली. ढवळून ३० मिनिटं झाकून ठेवा, पाणी फार गार असेल तर तासभर. शेवटी क्लोरीनचा मंद वास यायलाच हवा. नाही आला तर तेवढेच थेंब पुन्हा टाकून १५ मिनिटं थांबा. तरीही वास नसेल तर ते पाणी पिऊ नका. एकतर ब्लीच जुनं होऊन मेलंय किंवा पाणी अजून घाण आहे. बाटली उन्हात, उकाड्यात ठेवली की ब्लीच लवकर मरतं.

क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी मात्र क्लोरीनला दाद देत नाही. म्हणून जे थोडं जळण आहे ते तान्ह्या मुलांच्या आणि आजारी माणसांच्या पाण्यासाठी राखा: खळखळ उकळी फुटल्यावर १ मिनिट, २००० मीटरच्या वर राहत असाल तर ३ मिनिटं.

ब्लीच संपलं तर निवळलेलं पाणी रंगहीन पेट (PET) प्लॅस्टिकच्या बाटल्यांत (दोन लिटरपेक्षा मोठ्या नकोत) भरून कडक उन्हात ६ तास आडवं ठेवा, ढगाळ असेल तर सलग दोन दिवस. सतत पाऊस असेल तर हा उपाय चालत नाही.

पाण्यात कीटकनाशक किंवा कारखान्याचं सांडपाणी येत असेल तर यातलं काहीच उपयोगाचं नाही, उकळून ते उलट दाट होतं. तिथे पाण्याची जागाच बदलावी लागते.

आणि भांडं अरुंद तोंडाचं, झाकणाचं, तोटीचं घ्या. पेला बुडवून पाणी काढलंत की हाताची घाण परत आत जाते.