बॅकअपची वेळ झाली, पण कॉम्प्युटर झोपलाय

या वेळी आलेली बरीचशी पत्रं एकाच दुखण्याची आहेत. बॅकअप लावून ठेवला होता, निवांत होतो, आणि गरज पडली तेव्हा कळलं की तो झालाच नव्हता. म्हणून इतर प्रश्न पुढच्या वेळी, आज फक्त हेच.

प्रश्न: लॅपटॉपवर रोज रात्री २ वाजता बॅकअप व्हावा असं टास्क शेड्युलरमध्ये (विंडोजमधलं, ठरल्या वेळी कामं चालवणारं साधन) लावलंय. स्टेटस 'रेडी' दिसतं, पुढची वेळही बरोबर दिसते. परवा एक फाइल चुकून डिलीट झाली म्हणून बॅकअप उघडला तर शेवटची तारीख ३ आठवड्यांपूर्वीची! रात्री मी लॅपटॉप बंद करत नाही, फक्त झाकण लावते. मग चुकतंय कुठे?

उत्तर: 'रेडी' या शब्दाने खूप जणांना फसवलंय. त्याचा अर्थ 'काम झालं' असा नाही, 'वेळ आली की करीन' एवढाच. शेजारी 'लास्ट रन टाइम' आणि 'लास्ट रन रिझल्ट' असे दोन कॉलम असतात, बघायचे ते हे. रिझल्टमध्ये ०एक्स० (0x0) म्हणजे प्रोग्रॅम एरर न देता संपला, ०एक्स४१३०३ (0x41303) म्हणजे टास्क अजून एकदाही चाललेला नाही.

आता तुमचं झाकण. झाकण लावलं की लॅपटॉप स्लीपमध्ये जातो, आणि झोपलेल्या मशीनवर २ वाजले काय आणि ४ वाजले काय, बॅकअपचा प्रोग्रॅम हलत नाही. त्याला उठवायचं तर परवानगी दोन ठिकाणी लागते आणि लोक एकच देऊन मोकळे होतात. पहिली टास्कमध्येच, कंडिशन्स टॅबवर 'वेक द कॉम्प्युटर टू रन धिस टास्क'. दुसरी पॉवर ऑप्शन्समध्ये, प्लॅनच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये 'स्लीप' उघडलं की 'अलाऊ वेक टायमर्स' (वेक टायमर म्हणजे ठरल्या वेळी मशीनला झोपेतून उठवणारा गजर) दिसतं, बॅटरीसाठी वेगळं आणि प्लग-इनसाठी वेगळं. तिथे 'इम्पॉर्टंट वेक टायमर्स ओन्ली' असा एक पर्याय असतो, आपला बॅकअप महत्त्वाचाच की असं समजून लोक तो निवडतात, पण इथे महत्त्वाचं काय ते विंडोज ठरवतं, तुम्ही नाही. त्यात विंडोजची स्वतःची अपडेटनंतरच्या रीस्टार्टसारखी कामं येतात, तुमचा बॅकअप येत नाही. 'एनेबल' हवं.

त्याच कंडिशन्स टॅबवर अजून एक खोडी आहे. 'स्टार्ट द टास्क ओन्ली इफ द कॉम्प्युटर इज ऑन एसी पॉवर' ही टिक नव्या टास्कला आपोआप लागलेलीच असते. म्हणजे चार्जर काढून झोपलात की बॅकअपला सुट्टी. आणि बॅकअप चालू असताना कोणी प्लग काढला तर तो मधेच थांबवायची टिकही तिच्या खालीच असते.

हे सगळं सांगून झाल्यावर माझं खरं मत सांगतो: लॅपटॉपवर रात्री २ चा हट्टच सोडा. ती वेळ ऑफिसातल्या सर्व्हरांची, कारण ते २४ तास जागे असतात. तुम्ही रोज ज्या वेळी हमखास लॅपटॉपवर असता, चार्जर लावलेला असतो, ती वेळ द्या, दुपारी दीड म्हणा. शिवाय सेटिंग्ज टॅबवर 'रन टास्क अ‍ॅज सून अ‍ॅज पॉसिबल आफ्टर अ शेड्युल्ड स्टार्ट इज मिस्ड' ही टिक लावा. ती आपोआप लागत नाही, आणि माझ्या मते अख्ख्या टास्क शेड्युलरमधली सगळ्यात उपयोगी टिक तीच आहे. वेळ चुकली तर मशीन जागं झाल्यावर साधारण १० मिनिटांनी काम सुरू होतं, लगेच नाही, त्यामुळे २ मिनिटं बघून 'नाही चाललं' म्हणू नका.

वेक टायमरबद्दल एक स्वानुभव. माझ्या जुन्या लॅपटॉपला बॅटरीवरही उठायची परवानगी देऊन ठेवली होती, आणि एकदा प्रवासात तो बॅगेतच उठला. बॅग गरम लागायला लागली म्हणून उघडली तर पंखा जोरात फिरतोय आणि बॅटरी ६ टक्क्यांवर. तेव्हापासून बॅटरीसाठी 'डिसेबल', प्लग-इनसाठी 'एनेबल', यात बदल नाही.

प्रश्न: माझा डेस्कटॉप रात्री बरोब्बर उठतो, बॅकअप सुरूही होतो, पण सकाळी बघावं तर अर्धवट. कधी ५ फोल्डर, कधी ७. डिस्क खराब असेल का? साधी बॅच फाइल (कमांड एकाखाली एक लिहिलेली फाइल) केलीये, ती सगळं सर्व्हरवर कॉपी करते.

उत्तर: डिस्कवर नंतर संशय घ्या. आधी इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडा, विंडोज लॉग्ज, मग सिस्टिम, आणि त्या रात्रीच्या नोंदी वाचा. 'पॉवर-ट्रबलशूटर'ची १ नंबरची नोंद मशीन कधी झोपलं आणि कधी उठलं ते सांगते, 'कर्नल-पॉवर'ची ४२ नंबरची नोंद म्हणजे मशीन झोपायला निघालं. माझा अंदाज आहे की तुम्हाला उठल्याची वेळ २:०० आणि परत झोपल्याची २:०२ च्या आसपास दिसेल.

हे २ मिनिटांचं गणित असं, की टायमरने उठलेल्या मशीनवर कोणी माऊस हलवला नाही, कीबोर्डला हात लावला नाही, तर विंडोज समजतं की समोर कोणी नाहीये, आणि मग तुमचा नेहमीचा 'अर्ध्या तासाने स्लीप' वाला आकडा लागूच होत नाही, 'सिस्टिम अनअटेंडेड स्लीप टाइमआउट' नावाचं वेगळंच घड्याळ लागू होतं, जे मुळात २ मिनिटांचं असतं आणि पॉवर ऑप्शन्सच्या यादीत लपवलेलं असतं. का लपवलंय कोण जाणे. चांगले बॅकअप प्रोग्रॅम काम चालू असेपर्यंत विंडोजला 'झोपू नकोस' असं सांगून ठेवतात. साधी बॅच फाइल बिचारी असं काही सांगत नाही, ती कॉपी करत बसते आणि मशीन झोपून जातं.

बॅच फाइल सोडून नीट बॅकअप प्रोग्रॅम घ्या आणि त्यात 'बॅकअप चालू असताना स्लीप नको' अशा अर्थाची सोय आहे का बघा, हे सोपं. नाहीतर पॉवरसीएफजी (powercfg) या विंडोजच्या पॉवर सेटिंग्जच्या कमांडने ते लपलेलं सेटिंग यादीत आणता येतं, मग त्यात तासभर टाका. प्रोग्रॅम खरंच मशीनला जागं ठेवतोय का हेही बघता येतं. बॅकअप चालू असताना टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) अ‍ॅडमिन म्हणून उघडून पॉवरसीएफजी, एक स्पेस, स्लॅश आणि रिक्वेस्ट्स एवढं इंग्रजीत टाइप करा. 'सिस्टिम' या नावाखाली प्रोग्रॅमचं नाव आलं तर ठीक, 'नन' आलं तर मशीनला जागं ठेवणारं कोणीच नाही.

प्रश्न: मी रोज शट डाऊन करतो. वेक टायमर चालेल ना?

उत्तर: नाही. स्लीपमधून उठतं, बऱ्याच मशीनवर हायबरनेटमधूनही (चालू काम डिस्कवर ठेवून मशीन बंद होतं ती झोप) उठतं, पण शट डाऊन म्हणजे विंडोजच्या हातातून गेलं. काही मदरबोर्डांच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणारा मशीनचा मूळ प्रोग्रॅम) ठरलेल्या वेळी चालू व्हायचा अलार्म असतो, तो लावता येतो. मी तुमच्या जागी असतो तर सरळ रात्री शट डाऊनऐवजी स्लीप केलं असतं.

प्रश्न: मी चालवून बघितलं की बॅकअप मस्त होतो, स्वतःहून चालला की 'पाथ सापडला नाही'. स्लीप तर मी पूर्ण बंद करून ठेवलंय! बॅकअप घरातल्या नेटवर्क ड्राइव्हवर, झेड अक्षराने जोडलेल्या, जातो.

उत्तर: मग तुमचा दोष स्लीपचा नाहीच. तुम्ही टास्कला 'रन व्हेदर यूजर इज लॉग्ड ऑन ऑर नॉट' दिलं असणार. झेड हे अक्षर तुमच्या लॉगिनपुरतं असतं, आणि असा टास्क तुमच्या स्क्रीनमागे वेगळ्या सेशनमध्ये चालतो, तिथे झेड नावाचं काही नसतंच. अक्षराऐवजी पूर्ण पत्ता द्या, म्हणजे दोन बॅकस्लॅश, त्या मशीनचं नाव, एक बॅकस्लॅश आणि शेअरचं, म्हणजे नेटवर्कवर खुल्या केलेल्या फोल्डरचं, नाव. आणि हो, काही जण स्क्रीन लॉक असते म्हणून हा पर्याय निवडतात, त्याची गरज नाही. लॉक म्हणजे लॉगआउट नव्हे, लॉक असताना 'रन ओन्ली व्हेन यूजर इज लॉग्ड ऑन' वालाही चालतो. फक्त रात्री अपडेट होऊन रीस्टार्ट झालं आणि कोणी लॉगिन केलं नाही तर तो राहतो.

प्रश्न: मॅकवाल्यांनी यातलं काय करायचं?

उत्तर: फारसं काही नाही. मॅकमधला बॅकअपचा प्रोग्रॅम टाइम मशीन दर तासाला बॅकअप घेतं, तासांचे बॅकअप २४ तास, दिवसांचे महिनाभर आणि आठवड्यांचे डिस्क भरेपर्यंत ठेवतं. झोपेत एखादा तास हुकला तर जागं झाल्यावर पुढचा होतो. बॅटरीवरही बॅकअप हवा असेल तर टाइम मशीनच्या ऑप्शन्समध्ये ती टिक आहे. दुसरा एखादा प्रोग्रॅम मोठा बॅकअप घेत असेल तर टर्मिनलमध्ये कॅफिनेट (caffeinate) ही कमांड चालू ठेवा, ती चालू आहे तोवर मॅक आपणहून झोपत नाही, पण तुम्ही झाकण लावलंत तर तिचंही काही चालत नाही.

प्रश्न: माझ्याकडे उलटंच आहे. कॉम्प्युटर मध्यरात्री आपोआप चालू होतो, खोलीभर स्क्रीनचा उजेड. बॅकअप तर मी लावलेलाच नाही! भुताटकी समजू का?

उत्तर: मशीनलाच विचारा. पुन्हा पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश, आणि पुढे लास्टवेक. कोणी उठवलं ते सांगेल. स्लॅशनंतर वेकटायमर्स लिहिलं, टर्मिनल अ‍ॅडमिन म्हणून उघडलेलं असताना, तर पुढे कोणता टायमर केव्हा उठवणार तेही दिसतं. नाव माऊसचं किंवा नेटवर्क कार्डचं आलं तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबवरची 'अलाऊ धिस डिव्हाइस टू वेक द कॉम्प्युटर' ही टिक काढा. माझ्याकडचं भूत वायरलेस माऊस निघालं, मांजर टेबलावर चढली की कॉम्प्युटर उठायचा.