टर्बो इंजिन: वेगही हवा, सिलिंडरही टिकायला हवेत

प्रश्न: आधीच्या साध्या इंजिनात उन्हाळी टेक-ऑफपूर्वी आम्ही विमानाचं मिक्स्चर (हवा-इंधनाचं मिश्रण) थोडं लीन, म्हणजे कमी इंधनाचं, करायचो. आताचं 310 अश्वशक्तीचं, सहा सिलिंडरचं इंजिन टर्बोचं (एक्झॉस्टच्या जोरावर हवा दाबून भरणारं) आहे. तेच करावं का?
(एक वाचक, होटगी रस्ता, सोलापूर)

उत्तर: मुळीच नको. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,500 फुटांवर. प्रमाण वातावरणात (हिशेबासाठी ठरवलेल्या सरासरी हवेत) तिथे 12 अंश सेल्सिअस धरतात. मे महिन्यात पारा 42 वर गेला की हवा विरळ होते आणि पंखांच्या आणि प्रोपेलरच्या दृष्टीने विमान जणू 5,000 फुटांवर उभं असतं. त्यामुळे धावपट्टी जास्त लागणारच. पण टर्बो मॅनिफोल्डमधला (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांतला) दाब भरून काढतो, म्हणून इंजिनाला कमी इंधन पुरत नाही. उलट, पूर्ण ताकदीला दिलेलं जादा इंधन सिलिंडर थंड ठेवतं. तेच कापलंत तर डेटोनेशनला, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधनाचा एकदम भडका उडण्याला, आमंत्रण.

थ्रॉटल पूर्ण दिल्यावर फ्युएल फ्लो (ताशी किती इंधन जातं ते) बघा. काटा पुस्तिकेतल्या आकड्याला पोचत नसेल तर टेक-ऑफ सोडा आणि पंपाचं सेटिंग तपासून घ्या. हिवाळ्यातली खोड वेगळी. आपोआप चालणारं वेस्टगेट (टर्बोचा जोर आवरणारी एक्झॉस्टची झडप) इंजिनाच्याच तेलाच्या दाबावर हलतं. पहाटे तेल घट्ट असलं की वेस्टगेट मागे पडतं आणि मॅनिफोल्ड प्रेशर लाल रेषेपलीकडे उसळतं. तेलाच्या तापमानाचा काटा हिरव्या पट्ट्यात येऊ द्या, मग थ्रॉटल सावकाश.

प्रश्न: मी 75 टक्के ताकदीवर उडतो, तिथे साधारण 200 नॉट (ताशी सागरी मैल) मिळतात. इंजिन टिकवायला ताकद कमी केली तर वेग किती पडेल?
(एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर: वाटतो त्यापेक्षा फारच कमी. वेग ताकदीच्या घनमुळाने बदलतो. 75 वरून 65 टक्क्यांवर आलात तर 200 चे 190 नॉट होतात. सोलापूर ते नागपूर सरळ रेषेत सुमारे 275 नॉटिकल मैल, म्हणजे चार-पाच मिनिटांचा फरक. एवढ्यासाठी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह भाजून घेण्यात अर्थ नाही. वेग हवाच असेल तर उंची वाढवा: त्याच ताकदीवर दर हजार फुटांमागे साधारण दीड-दोन नॉट मिळतात. मात्र वरची विरळ हवा सिलिंडर कमी थंड करते, म्हणून नजर हेड टेंपरेचरवर, म्हणजे सिलिंडरच्या डोक्याच्या तापमानावर. 380 अंश फॅरेनहाइटच्या आत ठेवा, 400 ला काहीतरी कराच: काऊल फ्लॅप (इंजिनाच्या झाकणाची हवेची झडप) उघडा, चढताना नाक खाली करा. कॉन्टिनेंटल कंपनीच्या इंजिनांची लाल रेषा 460 असली तरी ती राहण्याची जागा नव्हे. तापलेलं अॅल्युमिनियम ताकद गमावत जातं.

क्रूझला, म्हणजे सरळ उड्डाणात, लीन ऑफ पीक (एक्झॉस्ट सर्वांत तापतो त्या बिंदूपेक्षा, म्हणजे पीकपेक्षा, कमी इंधनावर) चालवायचं तर मिक्स्चर चिमटी-चिमटीने ओढू नका. तसं केलं की सर्वांत तापदायक पट्ट्यातच रेंगाळता. दोन-तीन सेकंदांत पीकपलीकडे न्या, मग बारीक जुळवा. तिथे ताकद इंधनावरूनच कळते: 7.5 कॉम्प्रेशनच्या (सिलिंडर मिश्रण किती पट दाबतो त्या प्रमाणाच्या) इंजिनात ताशी गॅलन गुणिले 13.7. पंधरा गॅलनला 205 अश्वशक्ती, म्हणजे 310 अश्वशक्तीच्या इंजिनाचे 66 टक्के. लीन करताच इंजिन थरथरलं तर इंजेक्टर (सिलिंडरला इंधन देणारे नोझल) जुळलेले नाहीत. प्रत्येक सिलिंडर कोणत्या फ्लोला पीक होतो ते लिहून काढा. पहिल्या-शेवटच्यात अर्ध्या गॅलनपेक्षा जास्त अंतर असेल तर नोझल बदलून घ्या.

प्रश्न: उतरल्यावर पाच मिनिटं इंजिन चालू ठेवावंच लागतं का?
(एक वाचक, विजापूर रस्ता)

उत्तर: पुस्तिकेत वेळ दिली असेल तर ती पाळा. कारण साधं आहे: तापलेल्या टर्बोच्या बेअरिंगमध्ये तेल अडकून राहिलं की कढईच्या काठाला जळून बसलेल्या फोडणीसारखी काळी खपली धरते. पण कमी ताकदीवर अप्रोच आणि सावकाश टॅक्सी यांतच बराचसा थंडावा होऊन जातो. जोरात टॅक्सी करून मग घड्याळ लावून उभं राहणं म्हणजे उलटा उद्योग.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे टर्बोला एक्झॉस्ट पाइप जोडणारा व्ही-बँड क्लॅम्प (धातूचं गोल कडं). तो तुटला तर इंजिनाच्या कप्प्यात आगीचा झोत सुटतो. स्पॉट-वेल्डच्या, अनेक तुकड्यांच्या क्लॅम्पला अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेने 2023 मध्ये 500 तासांचं आयुष्य ठरवून दिलं. दर वेळी काऊल (इंजिनाचं झाकण) उघडलं की वेल्डच्या ठिपक्यांभोवती केसाएवढी भेग, वाकलेली कड किंवा करडी-पांढरी काजळी दिसते का, ते आरसा-टॉर्च घेऊन बघा. गळती दिसली म्हणून नट आणखी आवळू नका. क्लॅम्प काढा, बघा, मग नवा ठरलेल्या टॉर्कला बसवा.